दिपिकाचा सैल गजरा

वसईच्या एव्हरशाईन सिटीत स्टेशनच्या शेअर रिक्षाची रांग लागली होती. हंसाचे डोळे मोबाईलवर होते, पण कान पुढच्या दोघांकडे. एक नरहरीकाका, मोगऱ्याच्या वाडीवाले. दुसरी दिपिका, समाजकार्याचं एमएसडब्ल्यू शिकणारी. काकांच्याच घरी, त्यांच्या बायकोला बोलतं करायला, प्रॅक्टिकलला जायची.

"काका, मी नाव काढायला चाललेय कॉलेजातून."

"का गं बाय?"

"तुमचा मुलगा वारल्यापासून मथुरामावशी गप्प. दहा बुधवार आले मी, एक शब्द नाही. 'काही फरक नाही' असा रिपोर्ट दिलाय."

"आनि दहा बुधवारात तू काय शिकलीस?"

"त्यांच्याबरोबर गजरे बांधायला. तेही धड नाही."

"ते मात्र खरं. तू गेलीस की ती तुझे गजरे सोडून परत बांधायची. परवा माझ्यावर खेकसली."

"मावशी बोलल्या?"

"आठ महिन्यांनी! म्हनाली, 'पोरीची गाठ सैल ऱ्हाते, तुमी नुसतं बघता काय? आना तिला, मी शिकवते.' वर दोन भाकऱ्या खाल्ल्यान. म्हनून तर तुझी बिल्डिंग शोधत आलो."

"खरंच काका?"

"देवाशपथ. बाय, तुझे उपकार कसे फेडू? पन एक सांग, मुद्दाम सैल बांधायचीस ना? कॉलेजात शिकवतात काय असलं?"

"नाही हो! मला खरंच येत नाही."

"मग लवकर शिकू नकोस!"

दिपिका हसली आणि ओढणीने डोळे पुसले. तेवढ्यात रिक्षा आली.

"स्टेशन, स्टेशन!"

"भाऊ, तुम्ही जा. काका, चला, तुमच्या वाडीकडची रिक्षा पकडू."