भोपळ्यानंतरचा पहिला हात

माझ्यासारखी येडी शोधून सापडायची न्हाय. चाळिशीत बारामतीला जाऊन टॅटू काढायला शिकले अन् सराव केला दुधी भोपळ्यांवर. नक्षी काढायची, भोपळा सोलायचा, भाजी करायची. घरातली पार वैतागली. पण दुकान टाकायचं तर आधी खऱ्या कातडीवर हात बसायला पायजे, अन् हात कोणच देईना. नवरा तर मशीन दिसली की डबा न घेताच फॅक्टरीत पळायचा.

शेवटी सासूबाईंनी, आमच्या आत्यांनी, मनगट पुढं केलं. त्यावर लहानपणी माहेरी, वरकुट्यात गोंदलेली तुळस पार फिकी झालेली.

"हीच उजळून दे."

मी मशीन उचलली. म्हटलं, "आत्या, बिघडली तर?"

"भोपळ्यानं कधी कुरकुर केली व्हती का? मी बी न्हाय करणार. काढ."