मिस यू म्हणे!

— नाही, थांब अनिरुद्ध, परत म्हण. मेसेजात लिहिलंस ते आता तोंडाने म्हण. 'मिस यू.' वा! इतक्या वर्षांनी नाहूरला माझ्या घरी चार मजले चढून आलास, ते हे दोन शब्द घेऊन? — बस ना, बस, दम लागलाय तुला. केस रंगवतोस वाटतं? शोभत नाही हां.

एकाच शाळेत तू गणित शिकवायचास, मी इंग्रजी, म्हणून सांगते — हे 'मिस' दोन आहेत. दिसायला जुळे, पण आया वेगळ्या. एक आला 'मिस्ट्रेस'वरून, म्हणजे मालकीण, घरची धनीण. तो आखूड करून लग्न न झालेल्या पोरीला चिकटवला, आणि आपल्याकडे तर शाळेतल्या कुठल्याही बाईला, मग ती चार पोरांची आई का असेना. दुसऱ्याचा अर्थ नेम चुकणं. मग गाडी चुकणं. आणि मग कुणी जवळ नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटणं — बघ, मराठीतही चुकणंच! — हसतोस काय? मिस कॉल तर तुझाच. खाली उभा राहून एक रिंग द्यायचास, की मी धावत खाली. उचलला तर चिडायचास!

आणि घाटकोपरला तुमच्या खोलीवर नेलंस, तेव्हा? तुझी आई माझ्यासाठी आंबोळ्या घालत होती. किती हौसेनं! 'नाव काय गं तुझं?' मी तोंड उघडायच्या आत तू — 'ह्या नीलम मिस, आई.' 'आडनाव?' — 'शाळेत सगळे मिसच म्हणतात गं.' काय तुझी हुशारी! धनीण म्हणून नव्हे रे, आडनावावर झाकण म्हणून. मग मीच सांगितलं, नीलम भीमराज साळवे, आम्ही बौद्ध. ती 'बरं' म्हणाली, आंबोळी तव्यावर तशीच टाकून शेजारणीकडे गेली, ती आलीच नाही. जळका वास सुटला, तरी तू जागचा हलला नाहीस. आणि रिक्षात बसवताना मलाच म्हणालास — 'तू सांगायला नको होतंस.' बस्स! मेमध्ये गावी जाऊन सुगंधाशी लग्न करून मोकळा.

आता आई नाही, सुगंधाही गेली, लेक जान्हवी शिकायला बंगळूरला — मला कसं माहीत? कळतं. — नाही, शाळेतल्या कुणी नाही सांगितलं. तुझ्या बिल्डिंगवरून जाते मी कधीकधी, माझे डॉक्टर तिकडे आहेत... डॉक्टर नाहीत. अशीच जाते. रविवारी. वॉचमन ओळखतो आता. खिडकीतली तुळस वाळलीय तुझी, पाणी घालत जा — ए, असं बघू नकोस माझ्याकडे! तुला मी नाही आठवत, तुला गरम भात आठवतो. बीपीची गोळी हातात ठेवणारं माणूस आठवतं. त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे — मेड!

काय? — परत बोल. — लग्न? आता?

...

जान्हवीला सांगितलंस? मी कोण, कुठली — सगळं? — नाही ना? — काय म्हणालास? 'हळूहळू सांगू'?

ऊठ. — ऊठ म्हटलं ना! — आणि कठडा धरून उतर, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय.