खोक्यातल्या यंत्राचा अनुभव

(अमरावती. विद्यापीठाचा अभियांत्रिकी विभाग. मुलाखतीच्या दाराबाहेर बाकावर निवृत्त शिक्षक डोमाजी आणि त्यांची नात, पाचवीतली खुशी. आत खुशीची नीलम आत्या.)

डोमाजी : डोळे मीट अन् समज, तू या विभागाची मोठी मॅडम आहेस. तुझ्याकडे नवं यंत्र आलं. मातीत खुपसलं की ओल किती, ते सांगते.

खुशी : मिटले. कोणत्या रंगाचं आहे?

डोमाजी : ते कोणालेच माहीत नाही. दोन वर्षं झाली, खोक्यातच आहे.

खुशी : काहून?

डोमाजी : चालवाले माणूस नाही. त्याचसाठी आज संशोधन सहायकाची एक जागा भरून राहिले. तुझी आत्या आत बसली ते त्याच्यासाठी.

खुशी : मंग मी आत्याले म्हणीन, ये, खोकं उघड.

डोमाजी : इतकी घाई मॅडमले शोभत नाही. तू आधी जाहिरात देशील. त्यात लिहिशील, या यंत्रावर वर्षभर काम केलेलंच माणूस पाहिजे.

खुशी : पण यंत्र तर खोक्यात आहे. त्यानं काम कोठी केलं असन?

डोमाजी : हेच मी खालच्या बाबूले विचारलं. तो म्हणे, गुरुजी, अट वरून आली. वर गेलो, तर म्हणे खालून टाईप झाली.

खुशी : आत्या आली.

डोमाजी : बस बेटा. काय झालं?

नीलम : अर्धं झालं. मी सांगितलं, असलंच यंत्र मी घरी बनवलं, दर्यापूरच्या आपल्या वावरात दीड वर्ष चालवलं. सरांनी नोंदींची वही शेवटच्या पानापर्यंत पाहिली. काम चांगलं आहे म्हणाले.

डोमाजी : मंग?

नीलम : मंग म्हणाले, प्रमाणपत्र कुठं आहे? ज्यानं काम डोळ्यानं पाहिलं, त्याचं. चार वाजेपर्यंत आणा, नाही तर यादीतलं पुढचं नाव.

डोमाजी : वावर माझं आहे. मी देतो लिहून.

नीलम : आई, वडील, नवरा चालत नाही. तसं छापलंच आहे. जाऊ द्या, बाबा. अकोल्याले तासिकेच्या पैशावर शिकवतेच आहे सहा वर्षं, सातवं शिकवीन. पुढच्या वर्षी इथं माझं वय बसत नाही.

खुशी : भाची चालते?

नीलम : भाचीबद्दल काही छापलेलं नाही.

डोमाजी : खुशी, काय लिहून राहिली? वाच बरं.

खुशी : “नीलम आत्यानं आमच्या वावरात दीड वर्ष यंत्र चालवलं. तार मी धरत होती. दोनदा मी चुकली, तेही तिनं वहीत लिहिलं. खुशी, इयत्ता पाचवी.”

नीलम : हसतील ते.

डोमाजी : हसू दे. खरं आहे ना? तारीख टाक, खुशी.

नीलम : अन् जावक क्रमांक नसला तर बाबू कागद हातातच घेत नाही.

खुशी : ते काय असते?

नीलम : आजवर आपल्याकडून किती पत्रं बाहेर गेली, त्यात हे कितवं.

खुशी : मंग एक. टाकला. सरक आत्या, दार ठोकाचं आहे.