कोलंबीचं लोणी

मी मूळची शेलारची. बाप खाडीत पागाचं जाळं टाकायचा, आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची आणि मी तिच्या मागं मागं. लगीन होऊन कामतघरला आली ती पाटी घेऊनच आली म्हणा ना. लूमवर कापड विणणाऱ्या कामगारांच्या चाळी आमच्या दारापर्यंत, शिफ्ट सुटली की सगळे माझ्यापुढं, अम्मा ये कैसा दिया, अम्मा वो कैसा दिया, हिंदी मी तिथंच शिकली. शाळा न्हाय, काय न्हाय, पण कोलंबी हातात घेतली की कालची का आजची ते डोळे मिटून सांगीन. आणि आमच्यात मासळी घरात आली की आधी तिला हळद-मीठ, मग पुढचं काय ते. कुणी शिकवलं न्हाय, आईचं बघून बघून हात शिकला. ह्या हातानंच सगळा घोळ घातला ना ताई, ऐका आता.

माझी सून सुरेखा, अकलोलीची. शेतकरी माणसं, दारात दोन म्हशी. तिची आई महिन्या-महिन्याला लोण्याचा डबा पाठवायची आणि मी महिन्या-महिन्याला कटकट करायची, की माझ्या मासळीला फ्रीजमधे जागा न्हाय आणि तुझं लोणी कुठं ठेवू, आम्ही खाडीची माणसं, आम्हाला लोणी काय करायचंय. ती उलट बोलायची न्हाय, गपचूप डबा मागं सरकवायची.

पण पोरगी काय हुशार! ठाण्याला क्लासला जाऊन पार्टीचं खाणं शिकली. त्यात ते कोलंबीचं बटर. कोलंबी लसणावर परतायची, बटर घालून मिक्सरला फिरवायची, वर लिंबू, मिरी, मग फ्रीजमधे घट्ट करायची आणि भाजलेल्या पावाच्या चकतीवर लावून द्यायची. मला पहिल्यांदा चाखायला दिलं तेव्हा मी बोलली, अगं बाई, ही कोलंबी हाय का मिठाई! तिला ऑर्डरी घ्यायच्या होत्या. आमचे हे, म्हणजे तिचे सासरे, त्यांचं तोंड लगेच वाकडं, आमच्या घरची सून लोकांच्या पार्ट्यांचं रांधणार काय. लई मागं लागलो तेव्हा बोलले, एक ऑर्डर कर, एक जरी तक्रार आली तर परत नाव काढायचं न्हाय. आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द, मुलगापण माझा बापापुढं तोंड उघडत न्हाय.

ती एक ऑर्डर आली गोदामवाल्या शेटची. नवा बंगला बांधलेला, पूजा आदल्या आठवड्यात झालेली, ही नुसती खाण्यापिण्याची पार्टी, पाव्हणे सगळे मुंबईचे. बुधवार, मासळीचा वार! काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पहाटे बंदरावर जाऊन मीच कोलंबी आणली, अशी टप्पोरी, अशी ताजी, कुणाला हात लावू दिला न्हाय. सुरेखा बोलली, आई, तेवढी सोलून ठेवा, मी बेकरीतून पाव घेऊन येते. मी सोलली, पाठीतला काळा दोरा काढला, धुतली, आणि बोलता बोलता डब्यात हात गेला, चिमूटभर हळद आणि मूठभर मीठ, चोळलं आणि ठेवलं झाकून. माझ्या ध्यानातपण न्हाय.

ती आली, पिवळी कोलंबी बघून बोलली, आई, हळद? मी बोलली, हळद न्हाय तर मासळी कसली, वास मारेल ना. ती हसली. मिठाचं तिनं विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. तीन वाजता लाईट जायची, त्याच्या आत मिक्सर आटपायचा म्हणून नुसती धावपळ. सगळी कोलंबी, सगळं बटर, भलं मोठं पातेलं भरलं. आणि मग तिनं बोट लावून चाटलं, आणि तिचं तोंड उतरलं. मी चाटलं. अगं आई गं! खारट म्हणजे नुसतं मिठागर! त्या विकतच्या बटरमधे मुळातच मीठ असतं हे मला काय ठाऊक?

नेमके तेव्हाच हे आत आले. बोटभर चाखलं आणि थू थू करत बोलले, झालं? शेटला सांग, होत न्हाय. बस कर आता हे खूळ. आणि सुरेखा खाली बघून काय बोलली ठाऊक हाय? बाबा, माझं चुकलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय तिनं. आणि मी, खरं सांगते ताई, मी तिला तसं बोलू दिलं. एवढी बाजार गाजवणारी बाई, पदराला हात पुसत बसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझं काळीज हललं. मी बोलली, अहो, तिचं न्हाय, मीठ मी चोळलं, चूक माझी हाय, बोलायचं ते मला बोला. हे बघतच राह्यले. चाळीस वर्षांत माझी चूक मी कधी कबूल केली न्हवती ना!

आता करायचं काय? बटर संपलं, वेळ न्हाय. आणि मला एकदम तो डबा आठवला. अकलोलीचं लोणी, दोन दिवसांपूर्वीच आलेलं, बिनमिठाचं! मीच मासळीच्या मागून ओढून काढला. बर्फाच्या पाण्यात तीनदा धुतलं, आंबूसपणा गेला. लाईट गेलेलीच होती, दोघी बसलो पातेल्यापुढं, चार हातांनी फेटलं. फेटायचं, चाखायचं, परत लोणी घालायचं. डबा पार पुसून घेतला तेव्हा कुठं बरोबर लागलं. बरोबर काय, आधीच्यापेक्षा भारी! यांना दिलं पावावर लावून. एक खाल्लं आणि दुसऱ्याला हात पुढं केला.

बर्फात घट्ट करून डबे पोचवले, आणि रात्री शेटच्या बायकोचा फोन. मी देवापुढं हात जोडून उभी. ती विचारते, पिवळ्या रंगाचं ते काय होतं हो, पाव्हण्यांनी ताटं चाटून पुसून ठेवली, अजून हाय का? मी आणि सुरेखा तिथंच फुगडी घालायच्या बाकी राह्यलो!

आता बघा, महिन्याला ऑर्डरी हायत, हे स्वतः स्कूटरवर डबे पोचवतात आणि आमच्या सुनेच्या हातचं म्हणून चारचौघांत सांगतात. विकतचं बटर बंद, कोलंबीला हळद-मीठ मीच लावते, लोणी तिच्या माहेरचं. देव तिच्या हाताला यश देवो, माझं काय, माझं झालं आता. आणि फ्रीजमधला वरचा खण लोण्याचा हाय, मासळी खाली. मीच ठेवते तसं.