अगिमभाऊंच्या पेपरातली नावं

मी मूळची सांगलीची. वडिलांचा छापखाना होता, तिथं खिळे जुळवायला शिकले, आणि लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले तर इथंही छापखान्यातच लागले, कंपोझिंगला. इंग्लिश, पंजाबी, गुजराती, येईल ते लावायचं. तिथंच अगिमभाऊ आले. अल्बेनियन माणूस, कोसोवोचा. तिकडं पत्रकार होते, पण काय सांगू तुम्हाला, त्यांच्यावर राज्य दुसऱ्यांचं, त्यांच्या भाषेतला पेपर त्या सरकारनं बंद पाडला, पोलीस मागं लागले, म्हणून पळून आले. सकाळी बेकरीत काम, दुपारी आमच्याकडं येऊन पेपर. चारच पानं, पण पोस्टानं जर्मनीला जायची, स्वित्झर्लंडला जायची, त्यांची माणसं जिथं पांगलेली तिथं, आणि तिथनं कोटाच्या अस्तरात घालून गावाकडं. आमचे मिस्टर म्हणायचे, अगं दुसऱ्यांच्या भांडणात तू कशाला. मी म्हणायची, मी नुसती अक्षरं लावते हो.

आणि खरंच, भाषा मला येतच नव्हती. त्यांच्या ई अक्षरावर दोन टिंबं असतात, ती मशीनवर नव्हती, मी पेननं द्यायची. शेवटच्या पानावर पकडून नेलेल्यांची यादी असायची. एकदा लावता लावता बघते तर अगिमभाऊंचंच आडनाव. विचारलं, हे कोण? म्हणाले, धाकटा भाऊ, शाळेत शिकवतो. एवढंच. मी म्हटलं, चौकट टाकते, ठळक करते. तर म्हणाले, नको सुमन, बाकीच्यांना काय भाऊ नाहीत?

मग प्रूफ वाचायचं तर त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मीच एकेक अक्षर म्हणत गेले, ते मान हलवत गेले. अक्षर चुकलं तर दुसराच माणूस होतो, घरच्यांना कळणार कसं? सगळी यादी तशी केली. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, ह्यावरून आता मला बोलायचं नाही. नाही बोलले परत.

भाऊ सुटला, पण बऱ्याच वर्षांनी, एका कानानं बहिरा होऊन. पुढं लढाई झाली, त्यांचा देश झाला, अगिमभाऊ परत गेले. आता तिकडं लढलेल्यांची नावं घेतात, बरोबरच आहे, पेपरचं नाव कुणी काढत नाही. अगिमभाऊंना त्याचं काही नाही.

मिस्टर गेले, मुलगी साउथहॅम्प्टनला, माझ्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. परवा अगिमभाऊंचा व्हिडिओ कॉल आला, दोघं भाऊ शेजारी बसून जेवत होते, तू ये म्हणाले. आता कुठली येते मी? म्हटलं, जेवा बाबांनो, सावकाश जेवा.