शिंका थांबवून आलेल्या कमलताई

रक्तातल्या पेशी मोजून ॲलर्जी आहे का ते सांगायचं, हे माझं लॅबमधलं रोजचं काम. पण कमलताईंनी मला चकवलं. बाई नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या पसरायच्या मोकळ्या मैदानावर, मिरच्या वाळवतात, वर्षभर शिंकतायत, आणि ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी अगदी नॉर्मल! मी दोनदा मोजल्या. शेवटी विचारलं, "ताई, काल काही औषध घेतलं?"

"शिंका थांबाले सुई लिधी, दादा. तुम्हनाकडे मानसे बसेल ऱ्हातस, शिंकत कशी येऊ?"

त्या सुईनं शिंकांबरोबर पेशीही दबल्या होत्या. म्हटलं, "आता आठवड्यानं सुई न घेता या. शिंकलात तरी चालेल."

आठवड्यानं आल्या, पण आत येईनात. नाकाला पदर, अंग दाराबाहेर, फक्त एक हात आत.

"दादा, रगत बाहेरच लई ल्या."