शेडमधले पांढरे बूट

नाही, फाटकाच्या आत नाही. तिथूनच बोल — आणि आजी कोणाला म्हणतोस? येल्त्येबाई म्हण. लसवाल्या कंपनीचा माणूस म्हणून कॉफी मिळेल असं वाटलं होय? बुटांना बदकांची घाण लागलीय तुझ्या. इथे फ्रीसलंडातच वाढलास ना, रानबदकांच्या घाणीतून कोंबड्यांना रोग लागतो हे ठाऊक नाही? कालव्याच्या कडेनं फोटो काढत आला असशील — आणि हा म्हणे मला भविष्य सांगणार!

सांग की. काय, अंड्यांची गरज संपली? फ्लूची लस आता टाकीतल्या पेशींवर वाढवणार, नाहीतर विषाणूचा तुकडा कसा बनवायचा एवढाच निरोप सुईतून शरीराला धाडणार? वाचलंय मी. शाळा सुटली, वाचणं नाही सुटलं. विषाणूचं डोकं सारखं बदलतं, मान फारशी बदलत नाही, म्हणून मानेवर नेम धरणारी एकच लस काढणार, वर्षानुवर्षं पुरेल अशी — हे 'लवकरच, लवकरच' माझे केस काळे होते तेव्हापासून ऐकतेय! तोवर लोकांच्या दंडात काय गेलं? माझ्या कोंबड्यांच्या अंड्यांत वाढवलेली लस. हो, अंड्यात वाढताना विषाणू जरा बदलतो, लसीचा नेम थोडा चुकतो — कबूल. तुमचा कधी चुकत नाही वाटतं?

आणि हे दुसरं कारण — हसू येतं मला! बर्ड फ्लूच माणसांत पसरला आणि कोंबड्याच मेल्या, तर अंडी आणायची कुठून? अरे, माझ्या कोंबड्या काय उकिरड्यावर हिंडतात? आमच्या लुबर्टनं, माझ्या नवऱ्यानं, ही शेड बांधली तेव्हापासून अंघोळ केल्याशिवाय कुणी आत गेलेलं नाही. आतले पांढरे बूट आत, अंगणातले काळे अंगणात. पांढरा बूट उंबरठ्याबाहेर कधी म्हणून —

काय बघतोस माझ्या पायांकडे?

बघ. पांढरेच आहेत. तुझी गाडी दिसली तशी धावत सुटले, तू आत येऊ नयेस म्हणून. सकाळपासून शेडमध्येच बसले होते, फोन हातात धरून. कोपऱ्यातल्या कोंबड्या माना टाकून पडल्यात. बाकीच्या खात नाहीत, ओरडत नाहीत. कान दे ना — एरवी या वेळी इथे आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. फोन केला की सरकारी माणसं येणार, शेडमध्ये गॅस सोडणार, सगळ्याच जाणार. जगाच्या लसीसाठी अंडी घालतात, आणि त्यांना स्वतःला — कोणी टोचली?

रडत नाहीये मी. मागे हो! गाडीत बस, काचा वर घे, आज दुसऱ्या कुठल्या कोंबडीवाल्याच्या दारात पाऊल टाकू नकोस. तुझ्या साहेबांना सांग, येल्त्येबाईची अंडी — नको. काही सांगू नकोस. आधी सरकारी पशुवैद्याला फोन लाव. माझी बोटं चालत नाहीत.

लावलास? मग नीघ.